मासळी नावाचं फोल्डर

बोर्ड मांदेलीएवढा. तळहातावर मावतो.
लॅमिंग्टन रोडला तीनशे ऐंशीला घेतला,
पंचवीस कमी केले नाहीत ते नाहीतच.
मी कोळणीची मुलगी, भाव करणं मला येतं,
पण इथं वास नव्हता,
कल्ले उचलून बघायची सोय नव्हती.

पहिल्याच पानावर लिहिलंय: पाच मिनिटांत सुरू करा.
माझी पाच मिनिटं शुक्रवारी सुरू झाली.
आधी किट उतरवून घेतलं, एक पूर्णांक दोन जीबी,
भावाच्या फोनवरून.
खारदांड्याच्या आमच्या गल्लीत रेंज
फक्त जाळीच्या खिडकीपाशी येते,
म्हणून लॅपटॉप सुकटीच्या टोपलीवर.
नव्वद टक्क्यांना हरेश्वरला कुणाचा तरी फोन आला.
पुन्हा पहिल्यापासून.

मग बोर्ड लावला. लाल दिवा लागला.
लॅपटॉप म्हणाला, काहीच जोडलेलं नाही.
काढला, लावला, फुंकर मारली.
दिवा आहे, आणि कुणीच नाही.

शनिवारी पुन्हा दुकानात. काउंटरवरच्या झुबेरनं
वायर दोन बोटांत धरली, शिळ्या पापलेटाचं शेपूट धरावं तशी.
"ही फक्त पोट भरते. बोलत नाही.
आत दोनच तारा आहेत, चार लागतात."
साठ रुपये.
परतीच्या बसमध्ये मी मोजत होते,
आमच्या घरात कुणाकुणात
दोनच तारा आहेत.

नव्या वायरीनं ओळख पटली.
सगळी हत्यारं जागच्या जागी मांडली,
'बिल्ड' म्हटलं, आणि चाळीस ओळी लाल.
एकतिसाव्या ओळीत माझं फोल्डर,
मासळी,
त्याच्या जागी पाच प्रश्नचिन्हं.
म, काना, स, ळ, वेलांटी.
त्याला ळ कळत नव्हता.
रोमन अक्षरांत लिहिलं, तर ळचा ल झाला,
मसाली म्हणा, मासाली म्हणा, वाचणाऱ्याची मर्जी.
चाललं.
चालल्याचा थोडा रागच आला.

पहिला धडा म्हणजे दिवा मिचकावणं.
अर्धा सेकंद लागतो, अर्धा सेकंद विझतो.
रात्रीचा दीड वाजलेला. एवढंच.
मी ते अंधारात किती वेळ पाहत बसले कोण जाणे,
मग उगाच आकडा बदलला, दोन सेकंद केला,
आणि त्यानं ऐकलं.

रविवारी सेन्सर आयच्या बर्फाच्या पेटीत सोडला,
सुरमईच्या पोटाखाली.
पडद्यावर आलं: पंच्याऐंशी अंश.
आय हसली. "शिजली काय गो? मीठ टाकलंस?"
नंतर कळलं, झोपेतून उठवल्या उठवल्या विचारलं
तर तो पंच्याऐंशीच सांगतो.
पाऊण सेकंद थांबायचं असतं.
थांबले. उणे एकशे सत्तावीस.
"आता दर्याच गोठला," आय म्हणाली.
म्हणजे तार सुटलीय.
जे ठाऊक नाही त्याला तो उणे एकशे सत्तावीस म्हणतो,
शून्य म्हणत नाही. हे मला आवडलं.
शून्य म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता.

पिवळा, जांभळा, लाल पट्ट्यांचा रेझिस्टर,
तांदळाच्या दाण्याएवढा. तो राहिला होता. जोडला.
आता विचारायचं ते आयलाच:
कितीवर गेलं की मासळी जाते?
"ते काय आकड्यात असतं? हाताला कळतं."
मग हात घाल, म्हटलं.
तिनं घातला, मनगटापर्यंत, आणि बसली.
बर्फ विरघळत गेला. शेजारची चांगुणामावशी
दोनदा हाक मारून गेली.
"आता," आय म्हणाली.
पडद्यावर पाच पूर्णांक एक.
तोच आकडा लिहिला, भोंग्याच्या ओळीत.

त्या ओळीशेजारी दोन तिरक्या रेघा मारल्या.
त्यांच्यापुढचं यंत्र वाचत नाही,
तिथं काहीही चालतं.
तिथं मी लिहिलं: मासळी. आयचा हात.
ळसकट.

उद्या हरेश्वरला दाखवायचंय.
होडीतल्या नव्या पेटीला भोक पाडावं लागेल,
तो ओरडेल.